सत्तावीस नंबरची टेप

सोलापूर,
रविवार रात्र

प्रिय नाम्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही आणि आता एकदम एवढं लांबलचक. शिव्या दे, पण शेवटपर्यंत ऐक. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा तुझा तो ईस्पीकचा बुवा नाकातून वाचत असेल, त्याचा वेग जरा कमी कर. त्याला दम खाता यावा म्हणून मी जागोजागी पूर्णविराम पेरलेत. तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे, मीही.

आपल्या जुन्या टेपा लॅपटॉपवर उतरवायचं काम मी पिंट्याच्या गळ्यात घातलंय हे तुला मागे सांगितलं होतं. 212 टेपा भरल्या, नव्वदेक अजून ट्रंकेत आहेत. कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर थेट लॅपटॉपला, आणि ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग. तासाची टेप भरायला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. पोरगं टेप लावून मोबाईल बघत बसायचं. काय भरलं जातंय ते त्यानंही ऐकलं नाही आणि मीही नाही. पुढचं रामायण त्यातूनच झालं.

हे सगळं आता पिंट्याच्या जुन्या लॅपटॉपवर आहे, देवघराशेजारच्या फळीवर. आमच्या हिला ते दोन्ही देवघरंच वाटतात, एकाची निदान धूळ तरी पुसते. त्यावर जेलीफिन नावाचा फुकटचा प्रोग्रॅम चालतो, लॅपटॉपवरचं फोनवर ऐकवणारा. एम्बी म्हणून तसाच एक आहे, त्यांनी 2018 मध्ये आपला कोड कुलपात घातला, तेव्हा काही पोरांनी आधीचा उघडा कोड घेऊन वेगळी चूल मांडली, ती ही. घरात चटकन जमलं. घराबाहेरून ऐकायचं म्हटल्यावर मात्र घोडं अडलं. आमच्या इंटरनेटवाल्याकडे शंभर घरांना मिळून एकच पत्ता, त्यामुळे बाहेरून आमच्या घरालाच नेमकी हाक मारता येत नाही. म्हणजे आपलं हॉस्टेल बे, सगळ्यांची पत्रं एकाच खोक्यात. मग पिंट्यानं टेलस्केल घातलं, लांबची यंत्रं खाजगी रस्त्यानं जोडणारा प्रोग्रॅम. लॅपटॉप आणि माझा फोन दोघांना शंभरनं सुरू होणारे आपापले नंबर मिळाले आणि मधला रस्ता कुलूपबंद. तू घ्यायला लावलेलं ते बटणांचं बोलकं प्लेअर मात्र फुकट गेलं. त्यात रेडिओ लागतो, टेलस्केल बसत नाही. शेवटी साधा छोटा अँड्रॉइड खिशात आला. पडद्यावरचं बोलून सांगणारं टॉकबॅक सुरू, दोन बोटांनी दोनदा टिचकी मारली की गाणं थांबतं, परत मारली की चालतं. पहिल्यांदा एक दुसरंच अ‍ॅप घातलं होतं, त्यात सगळी बटणं मुकी. बोट फिरवावं तर बाई म्हणते बटण, बटण, बटण. कुलकर्णी सर हजेरी घ्यायचे तेव्हा आपण सगळे ‘हजर’ म्हणायचो आणि कोण कुठं बसलंय ते त्यांना कळायचं नाही, तसं.

तू म्हणशील, चौसष्ट केबीपीएसच्या दर्जानं तासाला एकोणतीस एमबी, सगळं मिळून सहा-सात जीबी, नखाएवढ्या कार्डात मावेल, मग एवढा उपद्व्याप कशाला? मलाही वाटलं. पण टेपा अजून भरतोय, नावं अजून दुरुस्त करतोय. दर वेळी कार्ड कुठं काढघाल करत बसू? आणि दुसरं कारण म्हणजे तू. तुला तिकडून ऐकता यावं, हे पहिल्यापासून डोक्यात होतं.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या शनिवारी पिंट्याच्याच साखरपुड्याला पुण्याला निघालो, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं. टेपा उलटसुलट क्रमानं लावल्या आणि कानात घातलं. कुर्डुवाडीला चहावाले ओरडत होते तेव्हा एक टेप सुरू झाली. खरखर, खट्, आणि एक पोरगा. ‘हॅलो हॅलो, एक दोन तीन. नाम्या, तू गावाला गेलास म्हणून तुझी मॅच भरून ठेवतोय. सव्वीस नंबरमध्ये.’ तो मी. अठरा वर्षांचा, तुझ्याहून किनरा आवाज. त्यामागे कॉमेंट्री.

सव्वीस नंबर, बरं का. फोन म्हणाला, ‘टेप 27, बाजू ए.’

थांब, बुवाला थोडं मागं ने आणि परत ऐक.

सत्तावीस म्हणजे आईच्या ओव्या. 1988 ची दिवाळी, जातं, आणि आपण दोघं वर्गणी काढून घेतलेला टेपरेकॉर्डर. पुढच्या वर्षी आई गेली. महिन्याभरानं मी ती टेप मधूनच लावली आणि जात्याच्या जागी क्रिकेट. कॉमेंट्री भरायचं वेड कुणाला? नाम्याला. संपलं. पुढं काय झालं ते तुला माहीत आहे. चार महिने एका खोलीत, आणि मीठ पाहिजे असलं तरी हणम्यामार्फत. हणम्यानं दोन्हीकडून बिस्किटं खाल्ली. नंतर आपण बोलायला लागलो, पण तुझ्यावरचा तो आळ मी कधी परत घेतला नाही. तुझ्या लग्नातसुद्धा थट्टेत म्हणालो होतो, वहिनी, तुमच्या टेपा सांभाळा.

आता मांडत बसलोय तर सगळं जुळतंय. तू गावाहून आलास, सव्वीस लावलीस, कोरी निघाली. ‘थापा मारतोस, भरलीच नाहीस,’ असं म्हणून तू मला बसप्पासमोर खोटारडा ठरवलंस. मी भरली होती रे, शपथेवर भरली होती! ही दोन भांडणं एकदा तरी शेजारीशेजारी ठेवली असती तर त्याच दिवशी उलगडा झाला असता. ठेवली नाहीत, कारण दोघांनाही आपापलं भांडण प्यारं.

परत आल्यावर ट्रंकेतून सत्तावीस काढली आणि ब्रेलच्या लेबलावर बोट फिरवलं. सहा म्हणजे एक, दोन, चार. सात म्हणजे त्यात पाचवं टिंब जास्त, बास. ते पाचवं टिंब दबून सपाट झालंय. आता दाबून पाहिलं की जाणवतं, नुसतं फिरवलं की नाही. लेबल दोन्ही बाजूंना लाव आणि मागची पाकळी मोडून टाक, म्हणजे चुकूनही वर भरता येणार नाही, असं कोण कानीकपाळी ओरडत होतं? जाऊ दे.

गाडीत मात्र मी पुढचं ऐकू शकलो नाही. दौंडच्या अलीकडे आवाज बंद. टेप संपली की आधी नुसती खरखर आणि मग खट्, हे तुला सांगायला नको. हे तसं नव्हतं. हे कोरडं होतं, विहिरीत दगड टाकावा आणि खाली पाणीच नसावं तसं. मी कान दाबून बसलो. शेजारचे काका म्हणाले, काय झालं हो, वाईट बातमी का? घरी फोन केला तर लाइट गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, राउटर मेला होता. आता बारका यूपीएस घेतलाय राउटरला. इथं पाणी काही दिवसांआड येतं त्याचं कुणाला काही नाही, मी राउटरच्या विजेची काळजी करतोय.

सोमवारी घरी बसून टेप पुरी ऐकली. एकविसाव्या मिनिटाला कॉमेंट्री एकदम भरभर, किनरी होत थांबते. हॉस्टेलची लाइट गेली असणार त्या वेळी. आणि त्याच्यापुढं जातं. नऊ मिनिटं. बांगड्या, पीठ, आणि मध्येच आई विचारते, ‘चालू हाय का रं ते?’ आणि तू म्हणतोस, ‘हाय काकू, चालू हाय.’

तेव्हा मी मधल्या क्रिकेटनंच भडकलो आणि टेप ट्रंकेत फेकली. पुढं ऐकलीच नाही.

आता खरं सांगतो. जेलीफिनमध्ये प्रत्येकाला वेगळं नाव देता येतं आणि कुणाला कोणतं कपाट उघडं, कोणतं बंद ते ठरवता येतं. तुझं नाव मी मंगळवारीच तयार केलं. मग तीन रात्री हाच घोळ. सत्तावीस नंबर बंद कपाटात सरकवली तर तुला बाकीच्या दोनशे अकरा मिळाल्या असत्या आणि तू विचारलंही नसतंस. एका रात्री सरकवलीसुद्धा. मग वाटलं, तूच मोजशील. तू मोजणारा माणूस. दुसऱ्या रात्री परत उघडली. हिला विचारलं तर म्हणाली, तुम्ही दोघं म्हातारे झालात, झोपा आता. तिला काय सांगणार? तिच्या लेखी ती एक टेप.

तर उघडी आहे. टेलस्केलचं आमंत्रण मेलवर येईल, पासवर्ड फोनवर सांगेन, बुवासमोर नको. सत्तावीस, बाजू ए. आधी माझा आवाज लागेल, तो सोडून पुढं पळवू नकोस.

उषावहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीचा निकाल लागला का? तुझ्या बदलीचं काय झालं तेही कळव. दोन किलो शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं पार्सल टाकलंय, पोचलं की नाही सांग. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला ये. नंदीध्वज निघतात तेव्हाचा आवाज नव्यानं भरू, या खेपेला पाकळी मोडून.

दुपारी इथं लाइट जाते, तेव्हा रात्री ऐक.

तुझा,
दत्ता