फाज विषाणूंपुढे जिवाणू निःशस्त्र नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील फाज-उपचारांविषयीचा लेख वाचला. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर त्यांना मारणारे विषाणू सोडण्याची कल्पना लेखकाने सोप्या भाषेत मांडली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. मात्र ‘या विषाणूंपुढे जिवाणूंचे काहीच चालत नाही’ हे त्यातील विधान वस्तुस्थितीला धरून नाही आणि उपचाराच्या आशेने वाचणाऱ्यांची त्यामुळे दिशाभूल होऊ शकते.

पेशीत शिरलेला विषाणूचा डीएनए ओळखून त्याचे तुकडे करणारी प्रथिने जिवाणूंकडे असतात, ही काही नवी माहिती नाही. याच रिस्ट्रिक्शन एन्झाइमांवरील कामासाठी वेर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ई. कोलाय जिवाणूच्या काही वाणांत आढळणारे इकोआर-वन हे एन्झाइम जीएएटीटीसी हा सहा अक्षरांचा क्रम दिसला की डीएनए कापते, आणि स्वतःच्या डीएनएतील तोच क्रम कापला जाऊ नये म्हणून दुसरे एक प्रथिन त्यावर आधीच मिथाइल गटाची खूण करून ठेवते.

जनुकांत बदल करण्याचे तंत्र म्हणून क्रिस्परचे नाव आता सर्वांच्या परिचयाचे आहे, पण जिवाणूंतील त्याचे मूळ काम २००७ मध्ये स्पष्ट झाले ते दह्याच्या विरजणात, हे फारसे सांगितले जात नाही. दुग्धव्यवसायात फाजांचा शिरकाव झाला की विरजणातले जिवाणू मरतात आणि दूध लागत नाही. (विरजणावरच विरजण पडते म्हणा ना!) डॅनिस्को कंपनीतील संशोधकांना असे आढळले की, अशा हल्ल्यातून वाचलेले जिवाणू विषाणूच्या डीएनएचा लहानसा तुकडा आपल्या जनुकसंचात जपून ठेवतात आणि त्या आधारे क्रिस्परच्या जोडीने काम करणारी कॅस प्रथिने पुढच्या वेळी तोच विषाणू ओळखतात.

याहून विलक्षण आहे ती सीबास नावाची यंत्रणा. विषाणू आत शिरल्याची चाहूल लागताच एक प्रथिन छोटे वर्तुळाकार संदेशरेणू तयार करते. त्या रेणूंनी जागे झालेले दुसरे प्रथिन विषाणूवर नव्हे, तर आपल्याच पेशीवर उलटते आणि तिचे पटल किंवा डीएनए नष्ट करते. विषाणूची नवी प्रजा तयार होण्यापूर्वीच पेशी मरते, त्यामुळे तिच्यासारखेच जनुक असलेले शेजारी वाचतात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील रोटेम सोरेक यांच्या गटाने २०१९ मध्ये या यंत्रणेचे हे कार्य दाखवून दिले. माणसाच्या पेशींतील सीगॅस हे प्रथिनही भलत्या ठिकाणी डीएनए सापडला की असाच वर्तुळाकार रेणू बनवून धोक्याची सूचना देते, आणि हे साम्य योगायोगाचे नसून माणसातील या यंत्रणेचे मूळ जिवाणूंत असल्याचे संशोधक मानतात. मला तर हा सारा विषय शालेय पाठ्यपुस्तकात यावा इतका महत्त्वाचा वाटतो.

अर्थात विषाणूही स्वस्थ बसलेले नाहीत. टी-फोर फाज आपल्या डीएनएतील सायटोसिन या ‘अक्षरा’चे रूप बदलून त्यावर साखरेचे रेणू चढवतो, त्यामुळे अनेक रिस्ट्रिक्शन एन्झाइमांची कात्री त्यावर चालत नाही; काही फाज तर कॅस प्रथिनांना निकामी करणारी प्रथिनेच सोबत आणतात. कोणत्या जिवाणूवर कोणता फाज चालेल, हे म्हणूनच केवळ जिवाणूच्या प्रजातीवरून ठरत नाही. रुग्णाच्या शरीरातून वेगळ्या केलेल्या जिवाणूवर फाजांची प्रयोगशाळेत चाचणी करावी लागते, बहुधा एकाऐवजी अनेक फाजांचे मिश्रण वापरावे लागते आणि उपचार चालू असतानाही जिवाणू दाद देईनासा झाला का, हे पाहावे लागते. लेखात या चाचणीचा उल्लेखही नाही. पुढील अंकात तेवढी पुरवणी टीप छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सांगली