हिरकणी कक्षाची किल्ली कोणाकडे असते? मंत्रीमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सा. न. वि. वि.

कोणत्या खात्याचे मंत्री, ते मुद्दामच लिहिलेलं नाही. स्थानक एका खात्याचं, बाळबाळंतीण दुसऱ्याची आणि दुधाची गाठ झाली की ती तिसऱ्याची. ज्यांना आपलं वाटेल त्यांनी पत्र वाचावं. कोणालाच वाटणार नाही याची मला खात्री आहे, पण आधी नमस्कार घ्यावा.

गेल्या रविवारी मातृदिन होता. मला ते आमच्या तालुक्याच्या एसटी स्थानकावरच्या फलकावरून कळलं. ‘मातृशक्तीला वंदन’, आणि खाली अकरा फोटो. अकराही पुरुष, सगळ्यांचे हात जोडलेले. फलकाच्या बरोबर मागे बाळाला पाजण्यासाठीचा हिरकणी कक्ष, आणि कक्षाला कुलूप. फलकाची एक दोरी त्याच दाराच्या कडीला बांधलेली होती. म्हणजे किल्ली मिळाली असती तरी आत जाण्याआधी मला आपणा अकरा जणांना सोडवावं लागलं असतं.

बाळ चार महिन्यांचं. गाडी दीड तास उशिरा. भर मे महिना. नियंत्रकांना विचारलं तर म्हणाले, ‘ताई, किल्ली साहेबांकडे असते, साहेब आज सुट्टीवर. आणि आत बसण्यासारखंही नाही हो.’ खिडकीतून पाहिलं. जुने टायर, फिनेलचे कॅन, पाय मोडलेली खुर्ची आणि गुंडाळून ठेवलेले फलक. मागच्या मातृदिनाचेही त्यातच असतील.

शेवटी रसवंतीच्या मागे भिंतीकडे तोंड करून बसले. एक आजी म्हणाल्या, ‘आई झालीस ना, मग लाजतेस काय?’ पाच मिनिटांनी दुसऱ्या बाई म्हणाल्या, ‘जरा आडोसा तरी बघायचा.’ आई झाली म्हणून लाजायचं नाही आणि आई झाली तरी दिसायचं नाही, हे जमवायचं कसं याचा एखादा शासन निर्णय असेल तर पाठवा.

याच कक्षाबद्दल मी फेब्रुवारीत तक्रार केली होती. ती आधी ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ झाली. मग ‘आठ दिवसांत कक्ष खुला करू’ असा फोन आला आणि एप्रिलमध्ये कळवलं गेलं, ‘सदर कक्ष कार्यान्वित असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ कार्यान्वित आहे हे खरंच. टायरांसाठी.

कक्षाला नाव कोणाचं दिलंय तेही बघा. हिरकणीची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. कोजागिरीला रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्य मावळल्यावर बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ आणि रात्री कडा उतरलेली आई. परीक्षेत प्रश्न यायचा, ‘हिरकणीच्या अंगी कोणता गुण होता?’ उत्तर, वात्सल्य, दोन गुण. रात्रीपर्यंत त्या बाळाजवळ दुसरं कोणी का नव्हतं, हा प्रश्न कधीच आला नाही. गडाचा नियम शत्रूसाठी होता, तो समजतो. महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधून घेतला, असं गोष्टीत सांगतात. त्यांनी कडा बंद केला. आपण कक्ष बंद केलात, आणि साडीचोळीऐवजी फलक.

आम्हाला आई आवडते ती कडा उतरणारी. उपाशी राहून वाढणारी, झिजणारी, जमलं तर शेवटी मरणारी. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात आईच्या आठवणी लिहिल्या तेव्हा ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुरुजींबद्दल तक्रार नाही, मीही ते वाचून रडले आहे. पण आपल्याकडे आई बहुतेक वेळा मुलाच्या तोंडूनच बोलते, आणि तेही ती गेल्यावर. जात्यावरच्या ओव्यांत ती स्वतः बोलली होती, पण जातंच गेलं. आता फलकावर आपण तिच्या वतीने हात जोडता.

थोरलीच्या वेळी माझं सीझर झालं. पोर रडली की आईला पान्हा फुटतो, असं लहानपणापासून वाचलेलं. चार दिवस काही फुटलं नाही. ‘हिला दूधच नाही’ हे मात्र गल्लीभर झालं. मग दूध आलं ते गाठी घेऊनच. छाती दगडासारखी, अंगात ताप, तिसऱ्या आठवड्यात पू झाला, चिरा द्यावा लागला. रात्री विनाकारण रडू यायचं. ‘पोर कुशीत आहे, तुला रडायला काय झालं?’ हे माझ्या आईनेच विचारलं. तिच्यावर रागावू कशी? तिनेही तीच पुस्तकं वाचलेली.

आपण म्हणाल, कायदे आहेत. आहेत ना! मातृत्व लाभ कायदा १९६१चा, २०२५मध्ये तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. २०१७मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६वर गेली. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी. मी ज्या पतसंस्थेत काम करते तिथे आम्ही नऊ जण, आणि कायद्याला किमान दहा लागतात. दहाव्या जागी बाळाला धरत नाहीत, विचारून पाहिलं. तिसऱ्या महिन्यात कामावर हजर झाले. २०१३चा अन्न सुरक्षा कायदा म्हणतो गरोदर बाईला किमान ६००० रुपये. मातृवंदना योजनेत पहिल्या वेळी ५०००, आणि दुसऱ्या वेळी ६०००, पण मुलगी झाली तरच. माझं हे दुसरं बाळ मुलगा आहे. म्हणजे सरकारी हिशेबात मी बाळंत झालेच नाही. टाके कोणाचे, ते कळवावे.

एसटीचं तिकीट मात्र अर्धं झालं, २०२३पासून. त्याबद्दल आभार. अर्ध्या तिकिटात उभ्याने जाते.

आणि माझं तरी काय घेऊन बसलात. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायका, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. आकडा इकडेतिकडे असेल तर आपल्या खात्याने दुरुस्त करावा, फाइल आपल्याकडेच आहे. पाळीत एक दिवस पडून राहिलं तर खाडा, खाड्याचे पैसे मुकादम कापणार, म्हणून तिशीतच पिशवी काढून मोकळं व्हायचं. त्या बायकांची दिवाळी कोयत्याबरोबर निघण्याच्या गडबडीत जाते, त्यांचा मातृदिन कुठे लागतो? आपण मात्र मुख्यमंत्र्यांपासून सरपंचापर्यंत ‘माताभगिनींनो’ म्हटल्याशिवाय माईक हातात धरत नाही. बहीण लाडकी झाली, १५०० रुपयांना. आई अजून वंदनीयच आहे. वंदनाला तरतूद लागत नाही.

विठ्ठल माऊली, ज्ञानोबा माऊली. आपल्याकडे फार मान द्यायचा झाला की पुरुषाला आई म्हणतात. जनाबाईने तर विठ्ठलाला लेकुरवाळा केला. बरं केलं, नाहीतर लेकुरवाळ्या बाईकडे कोणी ढुंकून पाहिलं असतं का? स्थानकात चौकशीच्या खिडकीवर त्याच विठ्ठलाची तसबीर आहे. हात कमरेवर ठेवून तो कुलपाकडे बघत होता.

मागणं मोठं नाही. एक पंखा, एक खुर्ची, आतून लागणारी कडी, आणि किल्ली अशा माणसाकडे, जो रविवारीही असतो. कक्षाचं नाव बदललं तरी चालेल. ‘बाळाला पाजायची खोली’ म्हणा. नावातून शौर्य गेलं तर निदान कड्याची अपेक्षा तरी राहणार नाही.

बाळ उठलं आहे, थांबते.

आपली,
अर्ध्या तिकिटाची एक प्रवासी

ता. क. : या पत्रावर कारवाई झालीच तर त्या नियंत्रकांना नोटीस देऊन ती संपवू नका. त्या दिवशी माझ्या मागे येऊन कोणी उभं राहू नये म्हणून आपली खुर्ची रसवंतीच्या तोंडाशी आडवी टाकून ते वीस मिनिटं पाठ करून उभे होते. दोन गाड्यांची नोंद राहिली त्यांची.