आजाऱ्यांच्या शुश्रूषेसाठी घरून कामाचा नियम हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना पुन्हा कार्यालयात बोलावण्याचा जो सपाटा लावला आहे, त्यात घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असणाऱ्यांचा विचार झालेला दिसत नाही. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तिला गिळताना ठसका लागतो, म्हणून उशांच्या आधाराने ताठ बसवून घट्टसर पेज चमच्याचमच्याने भरवावी लागते, आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दिवसा सांभाळायला मावशी येतात; पण कूस बदलायला दोन माणसे लागतात आणि त्यातले दुसरे मी. यात एका वेळी पाच-सात मिनिटे जातात. हिंजवडीला जाण्यायेण्यात मात्र रोजचे तीन तास मोडतात.

आधीचे साहेब समजूतदार होते म्हणून आजवर निभावले. ते बदलले, आठवड्यातून चार दिवस हजेरीचा आदेश निघाला आणि डॉक्टरांचा दाखला जोडून केलेल्या माझ्या अर्जावर फोनवरून 'बघू' एवढेच उत्तर मिळाले.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या अन्न-वस्त्र-निवाऱ्याची आणि औषधोपचाराची जबाबदारी मुलांवर टाकली आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने, कामाचे स्वरूप तसे असल्यास, बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद केली, तीही मालकाशी बोलून ठरवायची. तान्ह्या बाळासाठी सुचलेली ही सोय खाटेवरच्या आईसाठी कोणाकडे मागायची?

घरून काम म्हणजे आराम, ही कंपन्यांची शंका अगदीच निराधार नाही. तसे करणारे सहकारी मीही पाहिले आहेत. परंतु कोणी किती काम उरकले याची नोंद रोज संगणकावर होतच असते.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असा अर्ज करता येतो आणि मालकाला साधारणपणे दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. सरसकट सवलत आम्हीही मागत नाही. वैद्यकीय दाखल्यासह आलेल्या अर्जाला ठरावीक मुदतीत लेखी आणि कारणासह उत्तर देणे कंपन्यांना बंधनकारक करावे, एवढी विनंती राज्याच्या कामगार विभागाला आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

– एक वाचक, पुणे