भिंत रंगवण्याआधीचे सहा आठवडे

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,

सप्रेम नमस्कार.

मी चित्रकार आहे. वस्त्यांमध्ये राहून, तिथल्या लोकांबरोबर भिंतींवर चित्रं करते. आपल्या खात्याच्या अनुदान योजनेसाठी दोनदा अर्ज भरला, दोन्हीदा परत आला. कारण एकच: ‘अंतिम संकल्पचित्र जोडलेले नाही.’ म्हणजे भिंतीवर नेमकं काय रंगवणार त्याचा आधीच काढलेला नमुना. तो मुद्दामच जोडला नव्हता. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या वर्षी आम्ही चौघं एका वस्तीत काम करत होतो. पहिले सहा आठवडे ब्रश पिशवीतून बाहेरही काढला नाही. जमिनीवर जाड कागद जोडून अंथरला आणि कोळशाने वस्तीचा नकाशा काढायला घेतला. कोळसा अशासाठी, की चुकलं तर हाताने पुसता येतं. पुरुष मंडळींनी भराभर रस्ते, चौक, शाळा काढली. बायका कडेला उभ्या होत्या. मग त्यांच्यातली एक पुढे आली, कोळसा घेतला आणि शौचालयामागच्या वळणावर इतक्या जोरात ठिपका गिरवला की कागद फाटला. म्हणाली, “इथून अंधार पडल्यावर आम्ही जात नाही.”

“तिथे तर दिवा आहे,” एक गृहस्थ म्हणाले.

“आहे ना. लागत नाही.”

त्यानंतर कोळसा हातोहात फिरला. अर्ध्या तासात नकाशावर सतरा काळे ठिपके पडले आणि जन्म तिथे काढलेले पुरुष स्वतःच्याच वस्तीकडे अनोळखी गावासारखे बघू लागले. सभा भरवून ‘महिलांनी आपल्या समस्या मांडाव्यात’ असं जाहीर केलं असतं तर कुणी तोंड उघडलं नसतं. हातात कोळसा असला की नजर माणसाकडे नसते, कागदाकडे असते. बोलणं सोपं होतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते अंगावर आल्यासारखं वाटत नाही. माझ्या मते आमच्या कामाचा गाभा हा आहे. भिंतीवर जे उतरतं ते नंतरचं.

आता सांगा, या नकाशाचं संकल्पचित्र मी अर्जाला आधीच कुठून जोडणार? आणि ‘प्रति चौरस फूट दर’ या रकान्यात त्या सहा आठवड्यांचं काय लिहू?

आधी न विचारल्याने काय होतं, याचं एक उदाहरण जगजाहीर आहे. १९८१ साली न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामध्ये, म्हणजे सरकारी कार्यालयांसमोरच्या चौकात, रिचर्ड सेरा यांचं ‘टिल्टेड आर्क’ हे शिल्प उभं राहिलं. १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत, चौकाच्या मधोमध. रोज तो चौक ओलांडणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकजण वैतागले. जाहीर सुनावणी झाली ती १९८५ मध्ये, म्हणजे शिल्प बसल्यावर चार वर्षांनी. बोलायला आलेल्या १८० जणांपैकी १२२ जण ‘राहू द्या’ म्हणाले, तरी १९८९ मध्ये ते कापून हलवलं गेलं. सेरा मोठे शिल्पकार, यात वाद नाही. पण संवाद उशिरा सुरू झाला आणि शेवटी त्यालाही कुणी जुमानलं नाही.

याच्या उलट लॉस एंजेलिसमध्ये झालं. चित्रकार ज्युडिथ बाका यांनी १९७६ मध्ये तिथल्या एका पूरनियंत्रण कालव्याच्या काँक्रीटवर ‘ग्रेट वॉल’ नावाची चित्रभिंत रंगवायला घेतली. चारशेहून अधिक तरुण मुलामुलींनी काही उन्हाळे खपून तिची लांबी अर्ध्या मैलाच्या वर नेली. इतिहासाच्या पुस्तकांनी वगळलेल्या समाजांचा इतिहास त्या भिंतीवर आहे. वेगवेगळ्या समाजांतली ती मुलं एका भिंतीपाशी एकत्र राबली, हे मला चित्राइतकंच मोलाचं वाटतं.

आणि चित्रच हवं असंही नाही. मिअर्ल लॅडरमन युकेलेस या कलावंत बाईंनी १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. एवढीच कलाकृती. आपल्या अर्जात तिचं क्षेत्रफळ शून्य भरेल.

एक कबुली मात्र द्यायला हवी. आमच्या क्षेत्रातही सोंगं आहेत. रस्त्याला लागून असलेल्या भिंती झगझगीत रंगवायच्या, फोटो काढायचे, आणि मागचं गटार होतं तसंच तुंबलेलं. अशी कामं मीही केली आहेत, पैशांसाठी. त्यांना मंजुरी पटकन मिळते, कारण त्यांचं संकल्पचित्र पहिल्या दिवशी तयार असतं.

म्हणून मागणं मोजकंच आहे. अनुदान दोन टप्प्यांत द्या. पहिला टप्पा फक्त लोकांबरोबर बसण्याचा असू द्या. त्यात मानधन, कागद, जागा आणि वेळ यांचा खर्च धरा. शेवटी चित्र नको असं लोकांनी ठरवलं, तर ते काम अपुरं धरू नका. दुसऱ्या टप्प्यात देखभालीचा खर्च घाला, कारण उन्हापावसात रंग पाच-सात वर्षांत उडू लागतो आणि तेव्हा विचारायला कुणी नसतं. आणि ज्यांनी भिंत रंगवली त्यांना विचारल्याशिवाय तिच्यावर चुना मारायचा नाही, एवढं एक वाक्य नियमात घाला.

तपासणीला अधिकारी पाठवा, जरूर पाठवा. फक्त उद्घाटनाच्या दिवशी नको. नकाशा अर्धवट असताना, हात काळे झालेले असताना पाठवा.

कळावे,

आपली,
एक चित्रकार

ता. क. त्या वळणावरचा दिवा आता लागतो. नकाशा घेऊन बायकाच संबंधित कार्यालयात गेल्या होत्या. भिंत अजून कोरी आहे. तिच्यावर काय असावं यावर त्यांचं एकमत व्हायचं आहे.