चाचे स्त्रिया कल्पनेतल्या नव्हेत

मुलींच्या चाचेटोळ्यांवरील किशोर कादंबऱ्या म्हणजे ‘आजचे विचार जुन्या काळावर लादणे’, असे म्हणणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. हे मत पटले नाही. जमैकात १७२० साली ॲन बॉनी आणि मेरी रीड यांच्यावर चाचेगिरीचा खटला चालला. त्यांच्या टोळीने लुटलेल्या एका स्त्रीने न्यायालयात सांगितले, की दोघींच्या अंगात पुरुषी जाकिटे व लांब विजारी होत्या, डोक्याला रुमाल बांधलेले होते आणि हातात कोयता व पिस्तूल होते. कुठल्याही कादंबरीत शोभावे असे हे वर्णन न्यायालयीन साक्षीतले आहे! दक्षिण चीनच्या समुद्रात तर झेंग यी साव हिच्या हाताखाली शेकडो जहाजे होती. १८१० मध्ये तिने सरकारशी स्वतः वाटाघाटी करून शरणागती पत्करली.

संपूर्ण स्त्रियांचेच जहाज ही लेखकांची कल्पना, हे मान्य. पण मुलग्यांच्या साहसकथांतले पुरलेले खजिने तरी इतिहासात कितीसे सापडतात? त्यांना आपण कधी पुरावा मागितला नाही. वादळात शिडे उतरवण्याचा हुकूम देणाऱ्या पंधरा वर्षांच्या नायिकेकडेच तो का मागावा?

— एक वाचक