रोहनला हेलिकॉप्टर मिळालं, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हवाई दलात वैमानिक व्हायला गेलेल्या रोहनचं 'फायटर हुकलं', म्हणजे लढाऊ विमान मिळालं नाही, म्हणून मावशी दोन दिवस जेवली नाही, असं आईने कळवलं. बाबा विचारतात, नंबर खाली लागला की हेलिकॉप्टर देतात का, आणि त्यात बाहेर फेकणारी खुर्ची नसते हे खरं का. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच पाठवते. रविवारी मावशीकडे जाल तेव्हा तिलाही वाचून दाखवा.

आधी नंबराचं. हैदराबादजवळ दुंडिगलला हवाई दलाची अकादमी आहे, तिथे पहिला टप्पा सगळ्यांना एकच असतो. पिलाटस पीसी-7 मार्क 2 हे 700 अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप, म्हणजे पुढे पंखा असलेलं विमान 2013 पासून तिथे आहे. पुढे विद्यार्थी, मागे इन्स्ट्रक्टर. हा टप्पा संपला की फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशा तीन वाटा फुटतात. वाटणीत गुण बघतात, मुलाची पसंती बघतात, पण त्या तुकडीच्या वेळी हवाई दलाला कुठे किती माणसं हवीत हेही तितकंच बघतात. त्यामुळे चांगले गुण मिळवूनही हेलिकॉप्टरला गेलेली मुलं असतात. शरीराच्या मापांचा प्रश्न तर भरतीलाच निकालात निघतो. मांडीची लांबी 64 सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही, कारण खुर्ची उडताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटतील. त्या मापात बसला म्हणूनच रोहन तिथे आहे.

आता गंमत बघा. फायटरवाले पुढे किरण या जेट विमानावर शिकतात ते हैदराबादजवळच्या हकीमपेटला, आणि रोहन चेतक हे हेलिकॉप्टर शिकणार तेही हकीमपेटलाच. फायटरवाले नंतर बीदरला हॉक या जेटवर जातात. बाबा, नाशिक रोडच्या गांधीनगरला डोक्यावरून घरघरत जातात ना, ती लष्कराच्या प्रशिक्षण शाळेची चीता आणि चेतक हेलिकॉप्टरं. ती शाळा 2003 पासून तिथे आहे. नौदलाची अशीच शाळा तामिळनाडूत अरक्कोणमला आहे. म्हणजे भूदल, नौदल, हवाई दल, तिघांनाही हे काम स्वतंत्रपणे शिकवावं लागतं. विमान येतं म्हणून हेलिकॉप्टर आपोआप येत नाही.

विमानात उजव्या हातात स्टिक, डाव्या हातात इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा थ्रॉटल, पायाशी नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर. स्टिक सोडली तरी नीट ट्रिम केलेलं, म्हणजे तोल साधून ठेवलेलं विमान बराच वेळ सरळ जातं. हेलिकॉप्टरमध्ये डावा हात कलेक्टिव्ह नावाच्या दांड्यावर असतो. तो उचलला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर वर जातं. उजव्या हातातलं सायक्लिक, म्हणजे तिथली स्टिक, जिकडे झुकवाल तिकडे ते जातं. पायाने शेपटीचा पंखा सांभाळायचा. खरं घोडं अडतं ते या तिघांच्या एकमेकांत गुंतण्यामुळे. चेतकचा रोटर, म्हणजे डोक्यावरचा मोठा पंखा, वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून कलेक्टिव्ह उचलताच नाक डावीकडे वळतं. ते रोखायला उजवं पेडल द्यायचं. पेडल दिलं की शेपटीचा पंखा अख्ख्या हेलिकॉप्टरला डावीकडे ढकलतो, म्हणून सायक्लिक किंचित उजवीकडे. आणि शेपटीच्या पंख्याने जास्त शक्ती खाल्ली की उंची हलते, म्हणजे पुन्हा कलेक्टिव्ह. एका जागी अधांतरी थांबणं, ज्याला हॉव्हर म्हणतात, ते म्हणजे ही साखळी न थांबता चालवत राहणं.

हे शिकवतात कसं, ते सांगते. मोकळ्या मैदानावर चाकं जमिनीपासून मीटर-दीड मीटर उंच ठेवून इन्स्ट्रक्टर आधी फक्त पेडल देतो, बाकी दोन्ही स्वतःकडे ठेवतो. मग फक्त कलेक्टिव्ह, मग फक्त सायक्लिक, आणि शेवटी तिन्ही. सायक्लिक हातात आलं की मुलगा हमखास गडबडतो. हेलिकॉप्टर पुढे सरकलं म्हणून तो मागे ओढतो. उत्तर यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात तो आणखी ओढतो, मग ते मागे धावतं आणि तो घाबरून पुढे ढकलतो. प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होत जातो आणि इन्स्ट्रक्टरला कंट्रोल परत घ्यावे लागतात. पाहायला गेलं तर यात दोनच चुका असतात. एक म्हणजे नजर चाकांजवळच्या गवतावर खिळते, ती पन्नास-शंभर मीटर लांबच्या झाडावर किंवा क्षितिजावर हवी. दुसरी, मूठ आवळली जाते. मनगटाच्या मागचा हात मांडीवर टेकवून नुसत्या बोटांच्या दाबाने काम केलं की झोके मरतात. मग एक दिवस ते अचानक जमतं, आणि कसं जमलं हे त्या मुलालाही सांगता येत नाही. रोहन फोनवर चिडचिडा वाटला तर समजा की हॉव्हर चालू आहे. त्याला काही विचारू नका.

जेटची अडचण वेगळी. तिथे सुरुवात त्या मानाने सोपी असते. उतरण्याआधी फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात, वेग पडला आणि थ्रॉटल उशिरा उघडला, तर जेट इंजिन पूर्ण जोरात यायला काही सेकंद घेतं, हे लवकर अंगवळणी पाडावं लागतं. खरा कस पुढे लागतो. हॉकमध्ये जमिनीलगत 420 नॉट्सने जाताना मिनिटाला सात नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास 13 किलोमीटर मागे पडतात. पुण्याहून लोणावळा चार-पाच मिनिटांत. दहा सेकंदांची चूक झाली तर ठरलेल्या खुणेपासून दोन किलोमीटरच्या वर चुकलात. त्यामुळे पुढचं वळण, इंधन, रेडिओ हे सगळं आधीच डोक्यात फिरवून ठेवावं लागतं. विमान जिथे आहे तिथला विचार करत बसलेला मुलगा मागे पडतो, आणि चांगला हात असूनही नापास होतो.

शिवाय जी, म्हणजे वळणात अंगावर येणारा, स्वतःच्या वजनाच्या पटीतला भार. हॉक 8 जीपर्यंत वळू शकतं. 6 जीला 60 किलोच्या माणसाचं वजन 360 किलो होतं, रक्त पायांकडे उतरतं, आधी रंग फिके पडतात, मग अंधारी येते, आणि त्यानंतर शुद्ध जाते. जी-सूट पाय आणि पोट आवळतो, पण तो एकटा पुरत नाही. वळण सुरू करण्याआधीच पाय, नितंब आणि पोट घट्ट करायचं आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास बदलायचा. जी वाढल्यावर हे करायला गेलात तर उशीर झालेला असतो. कमी पाणी पिऊन, उपाशीपोटी किंवा कमी झोपेवर आलेला मुलगा इथे पटकन उघडा पडतो.

रोहनला हे जी सोसावे लागणार नाहीत. त्याच्या वाट्याला हादरे येतील. चेतकचा तीन पात्यांचा रोटर मिनिटाला साधारण 350 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सतराच्या आसपास ठोके. त्यात डावा हात खाली कलेक्टिव्हवर ठेवून वाकून बसणं. हेलिकॉप्टरवाल्यांची पाठदुखी सगळ्या जगात प्रसिद्ध आहे. आतापासून पाठीचे व्यायाम करायला सांगा.

आता खुर्चीचं. किरण आणि हॉक दोन्हींत ती असते. हॉकची तर विमान जमिनीवर उभं असतानाही काम करते. इंजिन बंद पडलं तर वेगाची उंची करायची, इंजिन पुन्हा पेटवून बघायचं, धावपट्टी टप्प्यात असेल तर घसरत तिथे यायचं, नाहीतर उडण्याआधीच्या ब्रीफिंगमध्ये ठरलेल्या उंचीला खुर्चीचं हँडल ओढायचं. घात होतो तो विमान वाचवण्याच्या नादात ती उंची ओलांडल्याने. हेलिकॉप्टरमध्ये वर रोटर फिरतोय, तिथे माणूस फेकणार कुठे? रशियाच्या कामोव्ह-52 मध्ये आधी स्फोटाने पाती उडवून मग वैमानिकाला बाहेर ओढतात, पण तो अपवाद. तेव्हा बाबा, चेतकमध्ये खुर्ची नाही हे खरं. पण त्याऐवजी ऑटोरोटेशन आहे, म्हणजे इंजिनाशिवाय फिरणाऱ्या रोटरवर खाली उतरणं.

इंजिन गेलं की कलेक्टिव्ह ताबडतोब खाली. जमीन वर येतेय, हाताला ओढावंसं वाटतंय आणि तरी खाली दाबायचं. दोन सेकंद उशीर झाला तरी रोटरचे फेरे घातक कमी होऊ शकतात. कोन कमी झाला की खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते, चाळकेवाडीच्या पठारावर वारा पवनचक्क्या फिरवतो तशी. मग डावं पेडल, कारण इंजिनाचा पीळ गेला. वेग सांभाळायचा, वाऱ्याच्या समोर तोंड करून शेत निवडायचं, जमिनीजवळ सायक्लिक मागे घेऊन वेग मारायचा, हेलिकॉप्टर सपाट करायचं आणि अगदी शेवटी कलेक्टिव्ह उचलून साठवलेल्या फेऱ्यांवर अलगद टेकायचं. तो साठा एकदाच मिळतो. दहा मीटरवर उचलला तर तिथेच संपतो आणि उरलेलं अंतर आदळत यावं लागतं. म्हणून हे सतत घोटून घेतात. इन्स्ट्रक्टर मध्येच 'इंजिन फेल' म्हणतो आणि त्या क्षणी मुलाच्या मनात एखादं शेत तयार असावं लागतं.

मावशीला हे नक्की सांगा. 21 जून 1972 रोजी फ्रान्सच्या ज्याँ बूले यांनी लामा हेलिकॉप्टर 12,442 मीटरवर नेलं. आपलं चीता म्हणजे याच लामाची इथे बनलेली आवृत्ती. त्या उंचीवरून खाली येताना इंजिन विझलं ते पुन्हा पेटलं नाही, आणि बूले ऑटोरोटेशन करत सुखरूप जमिनीवर उतरले.

विमानावरून हेलिकॉप्टरवर आलेल्याला जुन्या सवयी मोडाव्या लागतात. कमी वेगात, इंजिनाच्या जोरावर भराभर खाली येताना रोटर स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत सापडू शकतो. तेव्हा घाबरून कलेक्टिव्ह ओढलं तर आणखी वेगाने खाली जातं. सायक्लिक पुढे करून त्या हवेतून बाहेर पडायचं, मग शक्ती. चेतकची आणखी एक खोड म्हणजे जमिनीवर चाकं टेकलेली असताना ते कधी कधी जोरजोरात डोलू लागतं आणि काही सेकंदांत स्वतःला मोडून टाकू शकतं. रोटरचे फेरे पूर्ण असतील तर लगेच वर उचलायचं, कमी असतील तर कलेक्टिव्ह खाली ठेवून बंद करायचं. एखाद्या टायरमध्ये हवा कमी असणं किंवा शॉक-अॅब्सॉर्बर बिघडलेला असणं एवढंही यासाठी पुरतं. म्हणून उडण्याआधी रोहन चाकांपाशी ओणवा बसेल, ती टंगळमंगळ नसेल.

माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने हेलिकॉप्टर जास्त रडवतं आणि नंतर जेट. सियाचीनच्या विरळ हवेत, जेमतेम शक्ती शिल्लक असताना टेबलाएवढ्या हेलिपॅडवर उतरायचं झालं, की पुन्हा हेलिकॉप्टर.

आणि आई, मावशी दर पार्सलमध्ये सर्दीच्या गोळ्या पाठवते, त्या बंद करायला सांग. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. शिवाय नाक चोंदलेलं असताना वरून खाली आलं तर कानाचा पडदा फाटू शकतो, आणि गोळीने सर्दी दबली की मुलगा बरा वाटतो म्हणून उडायला जातो. शिंक आली तरी त्याने तळावरच्या डॉक्टरकडे जायचं, ते दोन दिवस जमिनीवर बसवतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाडू मात्र पाठवू देत, सकाळी लवकर ब्रीफिंग असलं की तेच पोटात जातात.

तुमची,
मनू