चैत्रांगणाआधी

विलेपार्ले (पूर्व)
चैत्र शुद्ध पंचमी

प्रिय सुमे,

या वर्षी यांनी खराटा हातात घेतला नाही. एवढं एक वाक्य लिहिलं की तुला सगळं कळेल. दुसऱ्या कुणाला चार पानं लिहूनही कळायचं नाही.

आमच्या तब्येती ठीक. माझी शुगर जेवणाआधीची बरी असते, नंतरची विचारू नकोस. यांच्या मोतीबिंदूचं झालं एकदाचं.

पाडवा झाला की व्हरांडा आणि पुढची फरसबंदी धुवायची, मग गौर झोपाळ्यात बसवायची, हा या घराचा नेम मी सून म्हणून यायच्या आधीपासून तू वरच्या गॅलरीतून बघितलायस. धुणं म्हणजे यांचंच काम. लुंगी खोचून उतरायचे आणि आपल्याला फरशीवर पाऊल टाकू द्यायचे नाहीत. परवा मी बादली, खराटा, ब्रश सगळं काढून ठेवलं, तर आतून म्हणाले, “कशाला? दोन वर्षांत सगळं फोडणारच आहेत. राहू दे तसंच.” आणि पेपर उघडला. चिडून बोलले असते तर मी भांडले असते गं. चिडले नाहीत. अगदी शांतपणे म्हणाले.

झालंय असं, की इमारत रीडेव्हलपमेंटला निघालीय. गेल्या महिन्यात बिल्डरचा माणूस लेझरचं यंत्र घेऊन आला. हॉल मोजला, स्वयंपाकघर मोजलं, मोरीसुद्धा मोजली. व्हरांड्यातून नुसता चालत गेला. मी विचारलं, तर म्हणतो, “काकू, हा कार्पेटमध्ये येत नाही.” अभिने रात्री कायदाच वाचून दाखवला. २०१६चा रेरा. चटई क्षेत्रातून, म्हणजे त्याच्या त्या कार्पेटमधून, बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळायची, खोल्यांमधल्या भिंती मात्र धरायच्या. म्हणजे भिंतीची जाडी मोजायची, आणि तुझ्या आईने शेवटचा उन्हाळा जिथे काढला ती जागा मोजायचीच नाही! शशीचं लग्न जिथे मोडता मोडता राहिलं, तीही नाही.

इतकी वर्षं कुणी बिल्डर आपल्याकडे फिरकला नाही तो विमानतळामुळे. फनेल झोन, म्हणजे विमानांच्या चढउताराच्या वाटेखालचा पट्टा, तिथे उंच बांधता येत नाही, मग त्यांना परवडायचं कसं? डोक्यावरून जाणाऱ्या त्या विमानांना आपण किती शिव्या घातल्या, गाणं ऐन समेवर आलं की हमखास एक जायचं. तीच आपली राखण करत होती. आता कुणीतरी हिशेब जमवलाय. आणि २०१९च्या शासननिर्णयानंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. मी विरोधात नाही, हे तुला आधीच सांगते. वत्सलाकाकूंना डॉक्टरकडे न्यायचं तर चौघं जण खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणतात. त्यांना लिफ्ट नको असं कुठल्या तोंडाने म्हणू?

तर मी धुवायला घेतलंच. मंदा होती मदतीला. मला आता खाली बसवत नाही, म्हणून स्टुलावर बसून लांब दांड्याच्या ब्रशने घासलं. आधी जाळी, मग कोरडा खराटा, मग पाणी. हा क्रम यांचाच. मंदा ॲसिडची बाटली घेऊन आली तेव्हा मला तू आठवलीस. अगं, शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्याला ॲसिड लागलं की तो फसफसतो आणि वरची कांती जाते. वृंदावनाच्या डाव्या बाजूला तू ओतलेल्याचा पांढरट डाग अजून तस्साच आहे. तो आधीपासून होता, असं तू अजूनही म्हणशील. नव्हता. धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि दम, बास. नळाखालच्या कोपऱ्यातलं शेवाळ आत्ता वाळून काळं पडलंय, ते आत्ताच निघतं. जूनमध्ये पहिली सर आली की तिथेच पाय सटकतो, आणि या वयात खुबा मोडला की काय होतं ते आपण नलूचं पाहिलं.

कुंड्यांखालच्या ताटल्या उचलल्या. प्रत्येकीच्या आत, पाण्याची रेघ असते तिथे, एक करडी खरखरीत कड. बोटाने सुटेना. डेंग्यूच्या डासाची अंडी अशीच पाण्याच्या जरा वर भांड्याला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. पाणी ओतून टाकलं म्हणजे झालं असं नाही, ताटली घासावीच लागते. मी एकूण एक घासली. मंदाला वाटलं, बाईंना झालंय तरी काय! राग काढत होते गं, दुसरं काय.

झोपाळ्याच्या कड्यांना तेल घातलं. डावीकडचा आकडा आतून झिजून निम्मा उरलाय. हे दर वर्षी तपासायचे, या वर्षी तेही नाही. संध्याकाळी चहा घेऊन बाहेर आले, बसले, ओल्या फरशीवरून पाय वर घेतले. मी आकडा दाखवला. “बघू,” म्हणाले. सुमे, घर पडणार याची मला भीती नाही. नवं घर लावीन मी. पण हा माणूस घर पडायच्या आधीच त्यातून उठून गेलाय, त्याचं काय करू? हौसेने गॅझेट उघडून दाखवावं तसं पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याला फरशीचा सांधा दाखवणारा माणूस!

तुझा गुडघा कसा आहे? फिजिओ सोडू नकोस. नातवाचे पेपर संपले असतील, त्याला शाबासकी सांग. नाशिकला तुला करमतं का, हे तू कधीच लिहीत नाहीस.

शुक्रवारी हळदीकुंकू आहे. डाळ, पन्हं, कलिंगड, सगळं नेहमीचं. चैत्रांगण मीच काढणार. शंख, चक्र, गोपद्मं मला जमतात, पण कासव तुझं. ते नेहमी मोदकासारखं यायचं तरी बायका तुझंच कौतुक करायच्या, हे मी अजून विसरले नाहीये.

आता कामाचं. वसंतराव सेक्रेटरी होते तेव्हाचा इमारतीचा मंजूर नकाशा त्यांच्या हिरव्या ट्रंकेत होता. त्यात व्हरांडा आणि फरसबंदी स्वच्छ दाखवलीय, मी स्वतः पाहिलंय. पुढच्या जनरल बॉडीत मी उभी राहून मागणार आहे, की नव्या इमारतीच्या तळमजल्यावर सगळ्यांना बसता येईल असा एक उघडा व्हरांडा करारात लिहून घ्या, झोपाळ्याच्या आकड्यांसकट. चटईत धरा की न धरा. हे सभेला यायला तयार नाहीत. पण नकाशा हातात पडला तर त्यांना चष्मा लावून मापं बघितल्याशिवाय राहवणार नाही, इतकं मी त्यांना ओळखते. ट्रंक उघडून बघ. कागद पिवळा पडला असेल, घडीवर फाटतो, तेव्हा पोस्टाने नको, मिलिंद मुंबईला येईल त्याच्या हाती दे. आणि तूच घेऊन आलीस तर फारच बरं.

तुझी,
शालू